घराचा पाया, सेप्टिक टाकी आणि आपली काळी माती

आपल्या मारेगाव-वणी भागात छोटा दुकानदार असो, मिस्त्री असो की नोकरदार, पंधरा-वीस वर्षे पैसा पैसा जोडतो तेव्हा कुठे स्वतःचे घर किंवा खाली दुकान, वर घर असा बेत जमतो. मग फरशी कोणती, दारांना रंग कोणता यावर घरात आठ-आठ दिवस मसलत चालते. पाया आणि संडासाची टाकी मात्र 'मिस्त्री बघून घेईल' म्हणून सोडून दिली जाते. दोन-तीन पावसाळे जातात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकू लागते. दुरुस्तीचा खर्च पुन्हा त्याच कमाईतून करावा लागतो. म्हणून या कामाची माहिती येथे देत आहोत.

मातीचा स्वभाव

आम्ही कापडाचे व्यापारी. कोरे सुती कापड पाण्यात घातले की आटते, हे आमच्या गिऱ्हाईकालाही ठाऊक असते. ज्या काळ्या मातीत हा कापूस पिकतो तिचा स्वभाव उलटा आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आटते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरले की थर एकमेकांपासून दूर सरतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा शेतात पडतात, त्या याच कारणाने.

घराखालची माती सगळीकडे सारखी भिजत नाही. पागोळ्यांचे पाणी पडते तिथली कड फुगते, घराच्या मधली माती कोरडी राहते. घराचा एक भाग उचलला जातो, दुसरा जागीच राहतो आणि भिंत तडकते.

थंड मुलखातील लोकांनाही अशीच अडचण येते. तिथे मातीतले पाणी गोठून बर्फ होते व जमीन वर उचलते. म्हणून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पाया दक्षिण भागात निदान 42 इंच आणि उत्तर भागात 60 इंच खोल न्यावा असा नियम आहे. जमीन जिथपर्यंत हलते, त्याच्या खाली पाया टेकवायचा, हा त्यामागचा हिशेब. आपल्यालाही तोच लागू पडतो.

पाया

प्रथम प्लॉटच्या दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहावे. शेजाऱ्याच्या प्लॉटवरून अंदाज बांधू नये. चार-सहा फुटांवर घट्ट मुरूम लागत असेल तर पाया तिथपर्यंत नेऊन त्यावरच टेकवावा. काळी माती फार खोल असेल तर अंडर-रीम पाईल हा उपाय आहे. तो रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केला. जमिनीत बोअर घेऊन तळाशी त्याच्या अडीच पट रुंदीचा फुगवटा करतात व लोखंड-काँक्रीट भरतात. खोल काळ्या मातीत असा पाईल निदान साडेतीन मीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा फूट असावा. वरचा प्लिंथ बीम मातीवर टेकवू नये. खाली तीन इंचांहून थोडी अधिक पोकळी ठेवावी, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का बसत नाही. हे काम इंजिनिअरच्या सल्ल्यानेच करावे.

खोदकाम उन्हाळ्यात करून पावसाआधी पाया भरून घ्यावा. खोदून निघालेली काळी माती परत पायात किंवा फरशीखाली टाकू नये. तिथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून व धुम्मस करून भरावा. घराभोवती बाहेर उताराची पक्की पट्टी करावी. मोठी झाडे भिंतीला लागून नसावीत, कारण मुळे पाणी ओढतात व माती आटते.

सेप्टिक टाकी

पाच माणसांच्या घराला आतून 5 फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली सव्वातीन फूट एवढी टाकी पुरते, मात्र ती दरवर्षी उपसावी लागते. पाण्याच्या वर एक फूट जागा मोकळी ठेवावी. टाकीला तळ बांधलेला हवा व आतून प्लास्टर हवे. खर्च वाचवण्यासाठी तळ कच्चा ठेवला तर मैला थेट जमिनीत उतरतो. वापरण्याआधी टाकी पाण्याने भरून एक दिवस ठेवावी व पातळी उतरते का ते पाहावे. न्हाणीचे पाणी टाकीत सोडू नये.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. ते शोषखड्ड्यात जाते, आणि काळी माती पाणी लवकर शोषत नाही. म्हणून खड्डा शक्यतो मुरमापर्यंत न्यावा व बांधणीभोवती एक फूट जाडीचा वाळू-गिट्टीचा थर द्यावा. मानकाप्रमाणे शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान 60 फूट आणि घरापासून 20 फूट दूर असावा. यात शेजाऱ्याची विहीरही आली. शेजाऱ्याचा हक्क आपल्याकडे किती मोठा मानला आहे, हे वाचकांना सांगायला नको.

ही दोन कामे वेगळी समजणे महागात पडते. पायाला लागून शोषखड्डा घेतला, किंवा टाकीचा पाईप पायाजवळ झिरपत राहिला, तर भर उन्हाळ्यातही तेवढीच माती ओली राहून फुगते आणि मजबूत पायाही हलतो. म्हणून टाकी, पाईप व शोषखड्ड्याची जागा पायाच्या नकाशातच आखावी, आणि ती उताराच्या बाजूला असावी.

टाकी उपसण्यासाठी माणूस आत उतरवू नये. आत विषारी वायू असतो, प्राणवायू नसतो. एक बेशुद्ध पडला की वाचवायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने असे काम करून घेणे गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मैला ओढणारी गाडी बोलवावी, आणि ती पोहोचेल अशा ठिकाणीच टाकीचे झाकण ठेवावे.

व्यवहार लिहून ठेवा

थान मोजल्याशिवाय आम्ही पैसे देत नाही. जमिनीखालचे काम तर बुजल्यावर मोजताच येत नाही. ठेकेदाराशी करार कागदावर करावा. पायाची खोली, लोखंडाची जाडी, मुरमाचे ब्रास, टाकीची आतली मापे व तळ हे सगळे त्यात लिहावे. प्रत्येक टप्पा बुजवण्याआधी स्वतः फीत लावून मोजावा, फोटो काढून ठेवावा आणि मगच त्या टप्प्याचे पैसे द्यावेत. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येणार नाही, उलट त्याचे चांगले काम चार लोकांना दिसेल. पैसा कमी पडत असेल तर वरची फरशी साधी घ्यावी, रंग पुढच्या वर्षी द्यावा. या गोष्टी नंतरही करता येतात, पाया मात्र पुन्हा भरता येत नाही.