गुलाब शे का कोबी?

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात व्यापारी डिझाइनचा कागद हातात घेतो तेव्हा आधी जमीन बघतो, मग फूल. जमीन म्हणजे साडीचा मागचा रंग. तिच्यावर बुट्टा बसतो, बुट्ट्याच्या मधे मधे बुट्टी, काठाला बेल, नाहीतर अंगभर पसरलेली जाळ. पदराचं चित्र वेगळं. ही सगळी फुलं कोणीतरी बसून काढलेली असतात, पण साडी नेसणारीला त्याचं नाव कधी कळत नाही. डिझाइनला नंबर असतो, सही नसते.

हा लेख फुलं काढणाऱ्या या लोकांविषयी आहे आणि त्यांच्या आयांविषयी. डिझाइन स्टुडिओत माझी निम्मी हयात गेली. तिथे एक गोष्ट मी सतत पाहत आलो: फुलं काढता काढता माणसं गेलेल्या आईबद्दल बोलतात, आणि बोलताना हसतात. आपल्या पुस्तकांत आणि सिनेमांत गेलेल्या आईचं नाव निघालं की डोळ्याला पदर लागतो. कामाच्या टेबलावर तसं होत नाही. तिथली आई भांडते, घासाघीस करते, पोराच्या कामाला नावं ठेवते. मला ती आई जास्त खरी वाटते.

सुरतेत फूल काही काल-परवा आलेलं नाही. जहांगीर बादशहा १६२० साली काश्मीरचा वसंत बघायला गेला आणि त्याचा चित्रकार मन्सूर यानं शंभरावर फुलांची चित्रं काढल्याची नोंद त्यानं स्वतःच्या आठवणींत करून ठेवली. पुढे देठापानांसकट उभं असलेलं एकटं फूल मुघलांच्या कमरेच्या पटक्यांवर, तंबूंच्या कनातींवर, इमारतींच्या संगमरवरावर सगळीकडे दिसू लागलं. तेव्हाच्या खानदेश सुभ्याची राजधानी बुऱ्हाणपूर. तिथल्या रंगीत फुलांच्या तलम कापडाचं वर्णन ताव्हर्निए या फ्रेंच प्रवाशानं केलं आहे. तापीच्या खोऱ्यातून हा माल सुरत बंदरात उतरायचा आणि जहाजांत भरला जायचा. भारतातल्या फुलांच्या छिटांनी युरोपातल्या बायकांना असं वेड लावलं, की तिथल्या विणकरांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सनं १६८६ साली या कापडावर बंदी घातली. इंग्लंडनं १७०१ मध्ये आयात रोखली आणि १७२१ मध्ये वापरावरही कायदा आणला. कापडावरचं फूल राज्यकर्त्यांना कायदे करायला लावतं हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आमच्या धंद्याला कोणी कला म्हणत नाही, पण त्याची एवढी दहशत होती.

नंतर सुरतेच्या पारशी कुटुंबांचा चीनशी व्यापार वाढला आणि तिकडून भरतकामाच्या साड्या, म्हणजे गारे आले. जांभळ्या, काळ्या रेशमावर पांढरी, गुलाबी चिनी फुलं आणि पक्षी. त्या नक्षीला पारशी बायकांनी घरातली नावं दिली. ठिपक्यांच्या नक्षीला कांदा-पपेटा, म्हणजे कांदा-बटाटा. पक्ष्यांच्या जोडीला चकला-चकली. चीनहून समुद्र ओलांडून आलेलं, लग्नकार्यात मिरवायचं रेशीम, आणि त्यावर कांदे-बटाटे! घरातल्या बाईला भारी कापडाचा दरारा वाटत नाही. तिचा हा स्वभाव पुढे मी माझ्याच घरात पाहिला.

आमचे वडील आईला घेऊन जळगाव जिल्ह्यातून सुरतेला आले ते तापी व्हॅलीच्या रेल्वेनं. सुरत ते अंमळनेर ही लाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडली आणि तिनं खानदेश सुरतेला बांधून टाकला. अंमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. त्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सुरतेत यंत्रमाग आणि छपाईच्या गिरण्या वाढत गेल्या, आणि कोरडवाहू शेतीवर पोट भरत नसलेली खानदेशी माणसं याच गाडीनं येत राहिली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आजही भाजीवाल्याशी खानदेशच्या अहिराणी बोलीत घासाघीस करता येते. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. श्रावणात खानदेशची देवी कानबाई वाजतगाजत निघते.

बाप्ये गिरणीत गेले आणि बायकांनी घरात काम आणलं. छापलेल्या साडीवर टिकल्या आणि खडे चिकटवायचे, धागा कटिंग करायचं, घड्या घालायच्या. सुरतेच्या साडीचा शेवटचा हात या बायकांचा असतो. आमची आई खडे चिकटवायची. पुढे मी स्टुडिओत लागलो, आणि एकदा मीच काढलेल्या गुलाबाच्या साड्यांचा गठ्ठा खडे लावायला आमच्याच दारात आला. मोठा भरलेला गुलाब, पाकळीवर पाकळी, त्या वर्षी बाजारात तोच चालत होता. आईनं साडी मांडीवर पसरली, चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, “हाई गुलाब शे का कोबी?” शेजारच्या बायका हसून हसून लोळल्या. मग तिनं प्रत्येक कोबीच्या बरोबर मधे एकेक खडा लावला आणि मजुरी चोख मोजून घेतली. तेव्हापासून आमच्या स्टुडिओत भरलेल्या गुलाबाला कोबीच म्हणतात. आई गेली, तरी नाव चालू आहे. नव्यानं लागलेल्या पोरांना ते कुठून आलं हे माहीत नसतं. मग कोणीतरी सांगतं आणि आई पुन्हा एकदा सगळ्यांना हसवते.

या कामातच काहीतरी आहे, ज्यामुळे अशी बोलणी निघतात. हातानं डिझाइन काढायचो तेव्हा पोस्टर कलर आणि शून्य नंबरचा ब्रश असायचा. पाकळीला तीन छटा: फिकी, मधली, गडद. कागदाच्या उजव्या कडेला अर्धं राहिलेलं फूल डाव्या कडेला येऊन जुळलंच पाहिजे, वरचं खालच्याशी. याला रिपीट म्हणतात. रिपीट चुकलं तर सहा वार साडीवर ती चूक पुन्हा पुन्हा छापून येते. डिझाइन पास झालं की प्रत्येक रंग वेगळ्या फिल्मवर काळ्या शाईनं उतरवायचा आणि त्या फिल्मवरून स्क्रीन करायची. आठ रंग म्हणजे आठ स्क्रीन. त्यात डोळा आणि हात पार गुंतलेले असतात, पण तोंड मोकळं असतं आणि मनही. हाताला पाकळीचं वळण पाठ झालेलं असतं. दुपारी जेवणानंतर, पंख्याखाली कागद उडू नये म्हणून कडेला वजनं ठेवलेली, आणि कोणीतरी सुरुवात करतं, “आमची माय असती ना...”

नंदुरबारकडच्या एका सहकाऱ्याची आई फूलवालीपाशी उभी राहिली की भाव ठरल्याशिवाय मोगऱ्याचा वाससुद्धा घ्यायची नाही. फुकटात वास घेतला तर फूलवाली अडवून पैसे मागेल, अशी तिची खात्री होती. दुसऱ्या एकाची आई पावसाळ्यात फुलं महागली की पोराच्या नापास झालेल्या डिझाइनमधली फुलं कात्रीनं कापून देवाला वाहायची. त्यानं हरकत घेतली तर म्हणायची, देवाला काय कळतं, तुझी फुलं कोमेजत तरी नाहीत. तो आजही जास्वंद काढताना आईच्या आवाजात हे वाक्य म्हणतो आणि मगच ब्रश रंगात बुडवतो. ही माणसं आईला विसरली किंवा त्यांना दुःख नाही, असं कोणी म्हणू नये. तिचं बोलणं जसंच्या तसं जपायचं, तर त्यातला विनोद गाळून कसं चालेल?

आपल्या साहित्यात मात्र तो बराच गळला. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिलं. १९३५ साली ते प्रसिद्ध झालं आणि घराघरांत गेलं. गुरुजी त्याआधी अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, म्हणजे आमच्याच रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला. त्या पुस्तकात ‘मुकी फुले’ नावाचं प्रकरण आहे. उमलायच्या आधीच कळ्या खुडून आणणाऱ्या श्यामला आई समजावते, फूल झाडावर फुलू द्यावं. मला ते प्रकरण फार प्रिय आहे. पण पिढ्यान्पिढ्या त्या पुस्तकाचं वाचन रडण्यासाठीच झालं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि थिएटरं रडली. ज्या माणसानं उभ्या महाराष्ट्राला हसवलं, त्याचाच हा चित्रपट.

त्याच अत्र्यांनी आदल्या वर्षी बहिणाबाई चौधरींच्या कवितांना प्रस्तावना लिहिली होती. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, जन्म १८८०चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी मुलगा सोपानदेव यांनी त्यांच्या ओव्यांचं पुस्तक काढलं. मुलानं गेलेल्या आईची केलेली याहून मोठी आठवण मराठीत मला दिसत नाही. सोपानदेव स्वतः कवी होते, आईवर शोककाव्य लिहिणं त्यांना काही जड नव्हतं. त्यांनी आईलाच बोलू दिलं. म्हणून त्या पुस्तकात दुःख आहे तशी टिंगलही आहे, माणसांच्या स्वभावाला काढलेले चिमटे आहेत, आणि आई जिवंत आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये गेलेल्या नवऱ्याची आठवण हसत हसत सांगितली. तो नवरा म्हणजे फुलामुलांचे कवी रेव्हरंड टिळक. नवऱ्याबद्दल हे आपल्याला जमलं, आईबद्दल मात्र आपण घाबरतो. तिला देव्हाऱ्यात बसवून तिचा आवाज बंद करतो.

खानदेशातल्या बायकांना ही भीती कधी नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, आंब्याचा रस आणि सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवतात, विस्तवावर आगारी टाकतात. त्याच दिवशी माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात आणि एकमेकींना गाण्यातून यथेच्छ शिव्या देतात. घरात पितर जेवतात आणि अंगणात हशा चालू असतो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

दूरच्या देशातलं एक उदाहरण इथे आठवतं. लंडनच्या मेरी डिलेनी या बाईंचा नवरा १७६८ साली गेला. पुढे १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रंगीत कागद कातरून काळ्या जमिनीवर फुलं चिकटवायला घेतली. दहा वर्षांत जवळजवळ हजार फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काळ्या जमिनीवर एकटं फूल, अगदी आमच्या बुट्ट्यासारखं. गेलेल्या माणसामागं उरलेले दिवस हाताला फूल देऊन काढता येतात, हे सुरतेत आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. मात्र डिलेनीबाईंच्या शेजारी कोणी कोबी म्हणणारं होतं का, हे जाणून घ्यायला मला आवडलं असतं.

२००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. आम्ही तेव्हा नदीकडच्या वस्तीत भाड्यानं राहत होतो. पाणी उंबऱ्यावर चढलं तशी सगळ्यांची पळापळ. वडील दाराला पोती लावत होते. आई पलंगावर बसून म्हणाली, “तापी मन्हा माहेरनी शे, तिले दार लावू नका!” खरंच होतं ते, नदी खानदेशातूनच वाहत येते. कमरेएवढ्या पाण्यातून आईला वरच्या मजल्यावर नेताना आम्ही हसत होतो. त्या पुरात घर पार धुऊन गेलं. आजही घरात पुराचा विषय निघाला की आधी हे वाक्य येतं, नुकसान मागून.

आईचा माझ्यावर एकच आक्षेप कायम होता. “जगना फुलं काढस, कापसानं काबर नही काढत?” तिचं बालपण कपाशीत गेलेलं. पाते लागलं, फूल उमललं, बोंड धरलं, या हिशोबात तिचं वर्ष सरायचं. मी टाळत राहिलो. साडी पॉलिस्टरची, तिच्यावर कापसाचं फूल कशाला? आई गेल्यावर अश्विनीकुमार घाटावर दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. एकेकानं शब्द देऊन पाहिला. लहान मामा माझ्याकडे वळून म्हणाला, “कापसानं फूल काढसू, म्हन.” मी हात जोडून म्हटलं. घाटावर बसलेले सगळे हसले, वडीलसुद्धा. कावळा बऱ्याच वेळानं आला.

कपाशीचं फूल काढायला अवघड आहे. पहिल्या दिवशी ते फिकट पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग गळतं. एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात. पाच पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या, खाली दातेरी पाती. पांढरट पाकळी फिक्या जमिनीवर दिसत नाही, म्हणून जमीन गडद घ्यावी लागते. स्क्रीनच्या काळात एवढ्या नाजूक छटांना कोणी खर्च केला नसता. डिजिटल छपाईत रंगांची मोजदाद उरली नाही, म्हणून जमलं. मी गडद जांभळ्या जमिनीवर दोन्ही दिवसांची फुलं एका फांदीवर घेतली, शेजारी एक मिटलेलं बोंड.

व्यापाऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. “आ भींडानुं फूल छे?” भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या, त्याचं काही चुकलं नव्हतं. मी कपाशी म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि सहा मॅचिंग मागितली. म्हणजे तेच डिझाइन सहा रंगांत. एका मॅचिंगमध्ये कपाशीची फुलं चक्क निळी झाली. स्टुडिओतली पोरं म्हणाली, काकी असत्या तर काय बोलल्या असत्या! मग प्रत्येकानं आपापलं वाक्य आईच्या आवाजात म्हणून पाहिलं आणि त्यावरून तासभर वाद चालला. निळं मॅचिंग सगळ्यांत आधी संपलं.