“कोठें?” हा पहिला प्रश्न

सन १९३५ च्या नोव्हेंबरांत लंडनमधील विंपोल रस्त्यावरील एका घरास आग लागून पांच स्त्रिया मृत्यु पावल्या. एका शेजाऱ्यानें अग्निशामक दलास कळविण्यासाठीं टेलिफोन केला होता. परंतु इतर साध्या हांकांच्या रांगेंत त्याची हांक अडकून पडली. या प्रसंगापासून धडा घेऊन ३० जून १९३७ रोजीं तेथें संकटकाळासाठीं ९९९ हा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. आपल्या देशांत पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका या तिहींसाठीं ११२ हा एकच क्रमांक २०१८ सालीं प्रथम हिमाचल प्रदेशांत आला. महाराष्ट्रांत तो २०२१ मध्यें सुरू झाला.

विद्यार्थिमित्रहो, ही हांक प्रथम जळगांवच्या किंवा धुळ्याच्या पोलीस ठाण्यांत जात नाहीं. नवी मुंबई अथवा नागपूर येथील केंद्रांत ती घेतली जाते व तेथून माहिती त्या त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येते. चोपड्याची हांक शेंकडों किलोमीटर दूर जाऊन खानदेशांत परत येते, असें म्हणा ना! ऐकणाऱ्यास आपल्या गांवची वेस ठाऊक नसते. म्हणून त्याचा पहिला प्रश्न “कोठें?” हा असतो आणि “काय झालें?” हा त्यामागून येतो. बोलणें मध्येंच तुटलें तरी ठिकाण कळलें असल्यास मदत निघूं शकते. ठिकाणच न कळलें तर गाडी जाणार कोठें? मोबाइलवरून जागेचा अंदाज येतो खरा, पण शेतशिवारांत तो नेमका असेलच असें नाहीं.

“पिंपळगांवांत मारामारी चालली आहे,” एवढें सांगून भागत नाहीं. पिंपळगांव हरेश्वर पाचोरा तालुक्यांत आहे, तर पिंपळगांव बसवंत नाशिक जिल्ह्यांत! म्हणून गांव, तालुका, जिल्हा व जवळची ठळक खूण या क्रमानें सांगावें. मुंबई-आग्रा महामार्गावर असल्यास आपण धुळ्याकडे चाललों होतों कीं शिरपुराकडे, हें सांगावें व किलोमीटरचा दगड वाचावा.

पुढें कोणी जखमी आहे काय, कोणाच्या हातीं शस्त्र आहे काय, असे प्रश्न येतात. “आधीं गाडी पाठवा, मग विचारा!” असा संताप येणें स्वाभाविक आहे. परंतु ठिकाण व प्रकार कळतांच माहिती पुढें धाडतां येते. उरलेले प्रश्न वाटेवरील शिपायांस सावध करण्यासाठीं असतात. म्हणून सांगितल्याशिवाय फोन ठेवूं नये. चुकून क्रमांक लागला तरी न घाबरतां तसें सांगावें. थट्टेखातर ११२ लावणारा मुलगा मात्र विंपोल रस्त्याच्या वेळची तीच रांग पुन्हां उभी करतो.

आज घरीं गेल्यावर आपल्या धाकट्या भावंडास विचारून पाहा: त्यास आपल्या घराचा पत्ता, परक्या मनुष्यास समजेल असा, सांगतां येतो काय? आणि तुम्हांस?