झणझणीत ‘चिकन विंग्ज’ : ठसका मिरचीचा, भार चरबीचा

औट्रम घाट चढून कन्नडला येणाऱ्या प्रवाशाला मराठवाड्याच्या तिखटाची ओळख करून द्यावी लागत नाही. कोंबडीचा झणझणीत रस्सा येथे घरोघरी शिजतो. अमेरिकेतील बफेलो शहरात 1964 मध्ये जन्मलेले तिखट ‘चिकन विंग्ज’, म्हणजेच कोंबडीचे पंख, आता तालुक्याच्या गावांनाही अपरिचित राहिलेले नाहीत. ‘तिखट बाधेल’ अशी धास्ती वडीलधारे घेतात. प्रत्यक्षात काळजीचे कारण मिरचीत कमी आणि कातडीत अधिक आहे.

पंखावर मांस थोडे आणि कातडी जास्त असते. कातडीसह भाजलेल्या पंखाच्या 100 ग्रॅम खाद्यभागात सुमारे 290 कॅलरी, 27 ग्रॅम प्रथिने आणि 19 ग्रॅमहून अधिक चरबी असते. कातडी काढून भाजल्यास कॅलरी सुमारे 200 वर आणि चरबी 8 ग्रॅमवर येते. प्रथिने मात्र 30 ग्रॅमपर्यंत जातात. पिठात घोळवून तळल्यास कॅलरी 320 च्या घरात पोहोचतात. असे सहा पंख खाल्ले, की सुमारे 600 कॅलरी पोटात जातात. एका पूर्ण जेवणाचाच हा ऐवज!

मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरील उष्णतेची संवेदना चेतवते, म्हणून आग होते. हा घटक पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे पाण्यापेक्षा दूध किंवा दही अधिक आराम देते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी तिखट बेतानेच खावे.

रक्तदाब असणाऱ्यांना खरा धोका मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खावे. मसाला, सॉस आणि चटणी मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पुनःपुन्हा तापवलेले तेलही घातक ठरते. ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ 25 टक्क्यांहून अधिक असलेले तेल वापरण्यास भारतात 1 जुलै 2018 पासून मनाई आहे. कढईतील तेल काळसर, दाट झालेले दिसल्यास तेथे तळलेले पदार्थ टाळणेच शहाणपणाचे.

गावच्या दुकानात ब्रॉयलर कोंबडी बहुधा सोलूनच मिळते, ही जमेची बाजू. ते पंख दही, आले-लसूण आणि लाल तिखटात मुरवून थोड्या तेलावर तव्यात भाजावेत. सोबत भाकरी आणि कांदा-काकडी असावी. ठसका तोच राहतो, चरबीचा भार मात्र निम्म्याहून कमी होतो.