लेक लांब का दिली?

एम.ए.ला मी विकास आणि सामाजिक न्याय हा विषय घेतला, तेव्हा वाटलं होतं, आता आफ्रिका, लॅटिन अमेरिका वाचावं लागणार. पण जगभरच्या संशोधकांच्या लेखांत पुन्हा पुन्हा भेटलं ते सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कान्झरा!

याचं मूळ आपल्या हैदराबादेतच आहे. पाटणचेरूला १९७२ साली 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू शेतीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. १९७५ पासून तिने सहा गावांचा अभ्यास हाती घेतला. दोन गावं महबूबनगर जिल्ह्यातली, चार महाराष्ट्रातली. प्रत्येक गावातली ४० घरं निवडली. १० मजुरांची, ३० लहान-मोठ्या शेतकऱ्यांची. माहिती गोळा करणारे गावातच राहायचे आणि दर तीन-चार आठवड्यांनी विचारायचे : काय पेरलं, मजुरी किती मिळाली, घरात काय खाल्लं.

त्या वह्यांतून मोठे निष्कर्ष निघाले. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की एखाद्या घराचं उत्पन्न बुडालं तरी त्याच्या खाण्यापिण्यावर त्या मानाने कमी परिणाम होतो. मात्र तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार कमी मिळत होता. त्याआधी १९८९ मध्ये रोझेन्झ्वाइग आणि स्टार्क यांनी लिहिलं होतं, की लेकी लांबच्या गावांत दिल्या की घरातल्या अन्नाची चढउतार कमी होते. इथे पाऊस हुकला तरी तिथे पिकलेलं असतं.

हे मी आजीला वाचून दाखवलं. ती बार्शीकडची, दिली नांदेडला.

"बरोबर लिहिलंय की गं," ती म्हणाली. "माहेरी पिकलं नाही की आपल्याकडनं ज्वारीची पोती जायची." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण एवढ्या लांब जाशील का, असं मला कुणी इचारलं हुतं?"

मी गप्प झाले. दुष्काळात माहेर तरलं, हे आकड्यांत दिसतं. त्यासाठी चौदा वर्षांच्या पोरीनं काय सोडलं, त्याचा रकाना त्या वहीत नाही. सामाजिक न्याय म्हणजे काय, हे मला त्या दुपारी नीट कळलं. फायदा मोजताना तो कुणाच्या जिवावर झाला, हेही विचारायचं.

माझ्या प्रबंधाच्या प्रश्नावलीत आता एक प्रश्न वाढला आहे : "तुम्हाला विचारलं होतं का?"

तुमच्या घरीही लांबून आलेली आजी असेल. एकदा तिलाही विचारून बघा.