मोटारबोटीतील पाणगळती : शोध आणि उपाय

नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीवर बांधलेले गंगापूरचे मातीचे धरण १९६५ साली पूर्ण झाले. या जलाशयाची पातळी पावसाळ्यात चढते व उन्हाळ्यात पुष्कळ खाली जाते. त्यामुळे येथे वापरल्या जाणाऱ्या लहान मोटारबोटीचे आयुष्य बंदरातील होडीहून निराळे असते. पाणी ओसरले की तिला काठ बदलावा लागतो, बेसाल्टच्या धारदार दगडांवरून तिचा तळ घासला जातो आणि कित्येक महिने ती उन्हात पडून राहते. पुराच्या प्रसंगी मात्र हीच बोट एकाएकी हवी असते. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला आलेल्या पुराने रामकुंडाचा परिसर पाण्याखाली गेला होता. तळाला चीर आहे हे अशा दिवशी, माणसे बोटीत बसल्यावर कळणे म्हणजे फार उशिरा कळणे होय.

गळती किती होते याचा अदमास टॉरिचेल्लीने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या नियमावरून बांधता येतो. छिद्रातून येणाऱ्या पाण्याचा वेग हा छिद्राच्या पाण्याखालील खोलीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर व्यासाचे छिद्र असेल, तर वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर भरतो. प्रवाहाचे आकुंचन लक्षात घेऊन ०.६ हा गुणांक धरल्यास मिनिटाला सुमारे ७ लिटर, म्हणजे तासाला ४०० लिटरांहून अधिक पाणी आत येईल. करंगळीने बुजेल एवढ्या भोकाचा हा प्रताप आहे.

तथापि खरा धोका या पाण्याच्या वजनात नसून त्याच्या मोकळ्या पृष्ठभागात आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. बोट एका अंगास कलली की आतील पाणी त्याच अंगास धावते व कल वाढविते. स्थैर्याची मोजणी मेटासेंट्रिक उंचीने करतात. या उंचीत होणारी घट म्हणजे आतील पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रीय जडत्व भागिले बोटीने बाजूस सारलेल्या पाण्याचे घनफळ. पृष्ठभाग ३ मीटर लांब व १.२ मीटर रुंद आणि विस्थापन ०.८ घनमीटर धरल्यास ही घट ५४ सेंटिमीटर येते. लहान कलापुरती पाण्याची जाडी या हिशेबात शिरतच नाही. पाणी घोट्यापर्यंतही आलेले नसताना बोट डळमळू लागते ती यामुळे. तळाशी मधोमध एक उभा पडदा घातल्यास घट चौथाईवर येते, कारण येथे रुंदीचा घन मोजला जातो.

आता शोधाकडे वळू. पाणी जेथे दिसते तेथेच ते शिरले असे मानणे ही नेहमीची चूक होय. आत आलेले पाणी फळ्यांखालून वाहत सर्वांत खोल जागी, बहुधा मागील टोकास, साचते. शिवाय आधी विचारायचे ते हे की, हे पाणी कोणते? समुद्रावरील खलाशी ते जिभेला लावून पाहतो. खारट असेल तर तळ गळतो, गोडे असेल तर ते पावसाचे. गंगापूरच्या जलाशयावर ही सोय नाही. पाऊस, धरण आणि यंत्र थंड करणारा प्रवाह, तिन्ही पाणी गोडेच. म्हणून येथे परीक्षा चवीने न करता परिस्थिती बदलून करावी लागते. बोट कोरडी पुसून, ताडपत्रीने झाकून, रात्रभर पाण्यात स्थिर ठेवावी. सकाळी पाणी आढळले तर दोष पाण्याच्या पातळीखाली आहे. न आढळल्यास ती काठाशी बांधून यंत्र चालवावे. पाणी तेव्हाच येत असेल, तर आत बसविलेल्या यंत्राची थंड पाण्याची नळी किंवा पंख्याच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग संशयास्पद ठरते. दोन्ही वेळा बोट कोरडी राहिली व वेगाने धावतानाच भिजली, तर लाटांच्या माराने उघडणारी एखादी चीर अथवा वरच्या कडेचा सांधा तपासावा. बोट अशी तीनदा भिजवण्याची तसदी कोणी घेत नाही आणि मग सारा तळ उगाच लांबीने लिंपला जातो.

जागा नेमकी सापडत नसेल तर प्रयोग उलटा करावा. बोट काठावर घेऊन आतच पाणी भरावे व बाहेरून ओल कोठे फुटते ते पाहावे. तळ बाहेरून पुसून त्यावर खडूची पूड लावल्यास बारीकशी चीरही काळसर रेघ होऊन दिसते. मात्र चार चौरस मीटर तळावर १५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ६०० किलोग्रॅम भार. तळाला सर्वत्र टेकू नसेल तर शोधासाठी केलेला प्रयोग नवी चीर पाडील.

संशयाच्या जागा ठराविक आहेत. पाणी काढण्याच्या बुचाची झिजलेली रबरी चकती प्रथम बदलावी; पुष्कळ शोध येथेच संपतात. त्यानंतर मागील आडव्या फळीला यंत्र जखडणारे बोल्ट. फायबरच्या बोटीत या फळीच्या पोटात लाकूड असते. बोल्टभोवतीचे पाणी त्यात मुरून लाकूड कुजले, तर नुसते बाहेरून लिंपणे निरर्थक. लाकूड वाळवून, भोक मोठे करून, ते एपॉक्सीने भरून पुन्हा छेदावे व बोल्ट पॉलियुरेथेन लांबीत बसवावा. सिलिकोन वापरू नये, कारण पुढे त्यावर रंग वा रेझिन धरत नाही. ॲल्युमिनियमच्या बोटीत सैल झालेले रिव्हेट पाहावेत. दांड्याचे जुन्या पद्धतीचे पॅकिंग चालू स्थितीत थेंब थेंब गळणे हा दोष नव्हे. ते पूर्ण कोरडे होईतो आवळले तर दांड्यालाच चरे पडतात. लाकडी होडीची गोष्ट निराळी आहे. उन्हात सुकून उघडलेले तिचे सांधे पाण्यात फुगून पुष्कळदा आपोआप मिटतात, म्हणून ती दोन दिवस भिजविल्यावाचून तिच्याविषयी मत बनवू नये.

तळाची चीर फायबरची असेल तर ती बाहेरून बुजवावी. बाहेरचा जलदाब ठिगळाला तळावर दाबून धरतो, आतून लावलेल्या ठिगळाला तोच दाब उचकटून टाकतो. कडा चिरेच्या दोन्ही बाजूंस जाडीच्या बारापट अंतरापर्यंत उतरत्या घासून, काचतंतूचे थर रेझिनमध्ये बसवावेत. हे काम नाशिकला पावसाळ्यात करणे धोक्याचे, कारण दमट हवेत रेझिनचा थर नीट धरत नाही. मार्च ते मे हा काळ योग्य. पण तपमान दहा अंशांनी वाढले की रेझिन घट्ट होण्याची क्रिया साधारणतः दुप्पट वेगाने होते. दुपारच्या उन्हात कालवलेले रेझिन लावण्यापूर्वीच भांड्यात गोठते, यास्तव काम सकाळी उरकावे.

बोट पाण्यात असतानाच छिद्र पडले तर कापडाचा बोळा किंवा मऊ लाकडाची खुंटी ठोकावी, आणि माणसे एकेक करून, बसल्या जागेवरून सरकत, विरुद्ध टोकाकडे हलवावीत. छिद्राची खोली तीसवरून साडेसात सेंटिमीटरवर आली तरी आत येणारे पाणी निम्मे होते, आणि काठ गाठण्यास तेवढा अवधी बहुधा पुरतो.