माचनूरच्या बायांचा रेडिओ

हैदराबादमधल्या नल्लकुंट्याच्या किराणा दुकानांत आता राळा, सावा, कोदो पाकिटबंद मिळतात. शहरात ही धान्यं कोणी विचारत नव्हतं, तेव्हाही हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर, जहीराबादच्या कोरडवाहू पट्ट्यात बाया ती पेरत होत्या. पीक कसं घ्यायचं, बी कसं राखायचं, हे आपल्या तोंडाने सांगण्यासाठी त्यांनी रेडिओ केंद्रही उभं केलं. माचनूर गावातला हा संगम रेडिओ.

त्याच्यामागे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही १९८३ साली सुरू झालेली संस्था आहे. तिच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश मूळचे दूरदर्शनचे निर्माते. २०२३ साली ते गेले. संस्थेने गावोगाव बायांचे संघ बांधले. त्यांतल्या बहुतेक जणी दलित, जमीन एकर-दोन एकर, तीही हलकी. सल्ला द्यायला येणाऱ्यांकडे खत, औषध आणि पाण्याखालच्या पिकांची माहिती असे. या बायांच्या रानात विहीर नव्हती आणि औषधाला पैसा नव्हता.

त्यांच्याकडे जे होतं ते मोलाचं होतं. एकाच रानात ज्वारी, तूर, राळा, कारळे, जवस अशी पिकं मिसळून घ्यायची. पाऊस दगा देवो, एखादं तरी पीक हाती लागतंच. ज्वारीचा कडबा जनावरांना होतो आणि जनावरांचं शेण परत रानात जातं. बियाणं राखायची रीतही अशीच पारखलेली. चांगलं कणीस उभ्या पिकातच हेरून ठेवतात. दाणे उन्हात खणखणीत वाळवतात, राख आणि कडुलिंबाचा पाला मिसळून बांबूच्या टोपलीत भरतात आणि तोंड माती-शेणाने लिंपून टाकतात. पेरणीला शेजारणीने बी नेलं, तर सुगीनंतर ती दीडपट-दुप्पट परत करते. पैसा मध्ये येतच नाही.

हे ज्ञान एका बाईकडून चार गावांत पोचवायचं कसं? युनेस्कोच्या मदतीने १९९८ साली माचनूरला स्टुडिओ झाला, पण प्रसारणाचा परवाना मिळेना. म्हणून बायांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून त्यांच्या कॅसेट संघांच्या बैठकांत वाजवल्या. हे दहा वर्षं चाललं.

परवान्याच्या या वाटेत एक मराठी नाव भेटतं. प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला, त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ खुला झाला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी, आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिनी, माचनूरचं केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झालं. उद्घाटनाला आले ते सावंतच. निकाल लिहिणाऱ्याने त्याचं फळ डोळ्यांनी पाहावं, असं क्वचितच घडतं.

जनरल नरसम्मा आणि अलगोल नरसम्मा या दोघींनी केंद्र सांभाळलं. कार्यक्रम संध्याकाळी ७ ते ९, म्हणजे रानातून परतून चूल पेटवायच्या वेळी. बोली घरचीच. पेरणीचा हंगाम, बियाणं, गुराढोरांची दुखणी, झाडपाल्याचे उपाय, दळता-कांडताना म्हणायची गाणी, सगळं त्यात येतं. माहिती सांगणारीही ऐकणारीसारखीच, हाताला घट्टे पडलेली. त्यामुळे तिचं बोलणं पटतं, आणि पटलं नाही तर पुढच्या बैठकीत तिला उलटा प्रश्नही विचारता येतो.

बिदर आणि मराठवाड्याची शीव इथून लांब नाही. तिकडेही पाऊस असाच लहरी आणि शेत असंच तुकड्याचं. आपल्याकडे कृषी विभाग आहे, विद्यापीठं आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. जहीराबादला तर असं केंद्र हीच संस्था चालवते, म्हणजे शास्त्रज्ञ आणि बाया एका आवारात नांदू शकतात. म्हणून मागणी साधी आहे. लहान शेतकऱ्याला शिकवायला जो कार्यक्रम आखाल, त्यातला निम्मा वेळ त्याच गावच्या बाईच्या हाती द्या. बी कोणतं टिकलं आणि का टिकलं, हे तिने सांगावं. बाकीच्यांनी, शास्त्रज्ञांनीसुद्धा, ते टिपून घ्यावं.