जामखेडच्या माता व बालके

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकास जामखेड तालुका आहे. २०२४ पर्यंत हा जिल्हा अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. जामखेडला पाऊस बेताचा, आणि तोही बेभरवशाचा. ज्वारी हे तेथील मुख्य पीक. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. त्या सुमारास या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत, आणि पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा चाळीस कुपोषित असत.

कुपोषण म्हणजे शरीरास पुरेसे व योग्य अन्न न मिळणे. अशा मुलास साधा अतिसारही झेपत नाही. अतिसाराने भूक मंदावते, भूक मंदावली की अंग खंगते, आणि खंगलेल्या अंगास पुढचा आजार लवकर गाठतो. परंतु ज्या घरातील कणगी अगदीच रिकामी नाही, त्या घरचे मूलही कुपोषित का असावे, असा प्रश्न तुम्हांस पडेल.

त्याचे उत्तर आईच्या दिवसात सापडते. शेतमजुरी करणारी बाई कोंबडा आरवताच उठते. दुरून पाणी आणावयाचे, भाकऱ्या थापावयाच्या, आणि ऊन चढण्यापूर्वी दुसऱ्याच्या शेतात खुरपणीस जावयाचे. तान्हे मूल राहते सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तिची शाळा बुडते ती निराळीच. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचे पोट लहान असते. त्यास दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे मऊ अन्न लागते. सकाळची कडक झालेली भाकरी त्याला चावत नाही, आणि कुस्करून भरवावयास आई जवळ नसते. ती घरी राहिली, तर मजुरी बुडते आणि संध्याकाळी चूल पेटत नाही. अशा बाईस 'मुलाकडे लक्ष दे' असे सांगणे सोपे आहे. ते तिने कोणत्या वेळी द्यावे, हे सांगणारा क्वचितच भेटतो.

शिवाय जेवणात तिचा क्रम शेवटचा. लहान वयात लग्न झालेली, स्वतःच अशक्त असलेली मुलगी आई होते, तेव्हा तिचे बाळही बहुधा कमी वजनाचे जन्मते. गरोदरपणी कमी खाल्ल्यास बाळंतपण सुलभ होते, अशीही समजूत होती. कष्टाचे पैसे तिच्या हाती राहतच, असे नाही. मुलासाठी एखादे अंडे घेणेही मग तिच्या मर्जीवर नसे.

आरोळे दांपत्याने गावकऱ्यांस त्यांची गरज विचारली, तेव्हा लोकांनी औषधांआधी पाणी व अन्न मागितले. खेड्यात राहण्यास परिचारिका तयार होईनात, म्हणून गावातील स्त्रियांनाच शिकवावयाचे ठरले. त्यांतील अनेकींस अक्षरओळख नव्हती. कित्येकी दलित समाजातील होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत, आणि गावी परतल्यावर घरोघर मुलांची वजने घेत, दंडाचा घेर मोजत, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी पाजावयास शिकवीत. पुढे गावोगाव महिला मंडळे निघाली. बायकांनी पैसे साठविले, कर्जे काढली, शेळ्या घेतल्या. वजनकाट्याइतकेच मोल मी या शेळ्यांना देईन. शेळी दारात असली की मुलासाठी घोटभर दूध मिळते, आणि करडाची किंमत जिची तिच्या पदरी पडते. १९९३ पर्यंत प्रकल्पाच्या गावांत कुपोषित मुलांचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास आले होते. त्यापूर्वीच, १९७९ साली, या दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता.

आता गावोगाव अंगणवाड्या आहेत. तेथे मुलांस आहार मिळतो व त्यांचे वजनही होते. पण जिल्ह्याच्या जामखेड-पाथर्डी भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. तेथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, म्हणून बाईस मागे राहता येत नाही. ती पहाटे फडात उतरते, मूल बांधावर पाचटात निजते, आणि अंगणवाडीच्या वहीतील त्याचे नाव गावातच राहते.